मोठं वळण

शालूआत्याच्या इंदिरानगरच्या घरी गेलं की बसायला गाडीची मागची सीट मिळायची. सोफा वगैरे भानगड नव्हती. तिच्या पांढऱ्या एट-हंड्रेडची करड्या रेक्झिनची सीट हॉलमध्ये भिंतीला टेकवून जमिनीवरच मांडलेली असे. माझ्या लग्नाची बोलणी झाली तीही त्याच सीटवर. माझे होणारे सासरे ऐसपैस बसायला गेले आणि त्यांचे गुडघे थेट हनुवटीला भिडले.

"ही... गाडीची का?" त्यांनी विचारलं.

"हो. गाडीत तिचं काही काम नाहीये सध्या," आत्या म्हणाली.

सासऱ्यांना काय वाटलं देव जाणे, पण मुलगी दिली. उठताच येईना म्हणून दिली, असं माझी बायको अजून म्हणते.

आत्या पाटबंधारे खात्यात ट्रेसर होती. दिवसभर कालव्यांची वळणं ट्रेसिंग पेपरवर उतरवायची आणि रविवारी गाडी घेऊन खरीखुरी वळणं शोधत हिंडायची. नव्वदच्या दशकात शहराबाहेरच्या एका माळावर गाड्यांच्या शर्यती भरू लागल्या. चुन्याने आखलेला कच्चा रस्ता, एका वेळी एकच गाडी, आणि हातात घड्याळ घेतलेला माणूस. ज्याला वेळ कमी लागेल तो पहिला. आत्याने हे एकदा पाहिलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरातून पान्यांची पिशवी काढली. पाने तिथेच असायचे, पोळपाटाशेजारी.

तिच्याकडे दुसरी गाडी नव्हती. ज्या गाडीतून भाजी यायची तीच पळवायची, म्हणून ती हलकी करायची. स्टेपनी, मॅट, मागची सीट, सगळं बाहेर. छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा हवा, असा नियम होता. तयार पिंजरा परवडेना, म्हणून आत्याने द्राक्षबागांचे मांडव उभारणाऱ्या फॅब्रिकेटरला गाठलं. त्याने पाइप वाकवून, वेल्डिंग मारून दिलं आणि मागे सरकून कौतुकाने म्हणाला, "ताई, लय भक्कम झालंय. उद्या यावर येल चढवला तरी हालायचं नाय." मी तिचा मदतनीस. म्हणजे हरवलेला पाना शोधायचा आणि सापडला की "आता नकोय तो" हे ऐकून घ्यायचं. या कामात मी बऱ्यापैकी तरबेज झालो होतो.

पहिल्या शर्यतीला आम्ही गेलो आणि तिथे कळलं की खुल्या गटात बायकांना घेत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा गट आहे. ठीक. तो भर दुपारी, बाकीची मंडळी मांडवात जेवायला बसलेली असताना. तेही ठीक. पण आत्या रांगेत लागली तेव्हा दोन माणसं फीत घेऊन आली आणि माळाच्या टोकाचं मोठं वळण त्यांनी चक्क बंद करून टाकलं. उताराचं, मुरमाचं, शर्यतीतलं सगळ्यात अवघड वळण. अर्धी शर्यत म्हणजे ते वळणच.

"हे का बंद केलं?" आत्याने विचारलं.

संयोजकांचे प्रमुख एक गॉगलवाले गृहस्थ होते. हातात जिलबी. "ताई, तुमच्यासाठीच. उगाच काही झालं म्हणजे?"

"त्यांना झालं तर?"

"ते पुरुष आहेत हो!"

हे लिहितानासुद्धा माझी कानशिलं तापतात. त्या सकाळी त्या वळणावर दोन पुरुष बाभळीत शिरले होते! त्यांच्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढल्या होत्या आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काळजी मात्र आमच्या आत्याची.

आत्या कापलेल्या रस्त्यावरून धावली आणि पहिली आली. पूर्ण रस्ता आणि अर्धा रस्ता यांच्या वेळा एकमेकांशी ताडून बघायची सोयच नव्हती. ती किती वेगवान आहे हे कुणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही. बक्षीस म्हणून प्रेशर कुकर पुढे आला. आत्याने हात मागेच ठेवले. "वजन कमी करायला सीट काढून आलेय मी. यात कुकर कुठं घालू?" मग गॉगलवाल्यांकडे वळून तिने ते वाक्य म्हटलं, जे पुढे वर्षानुवर्षं आम्ही ऐकलं. "मला जिंकवू नका हो. पूर्ण रस्ता द्या, आणि मग हरवा."

घरी आल्यावर मी सीट परत बसवायला घेतली. ती म्हणाली, "राहू दे. मोठं वळण मिळेल त्या दिवशी बसवू."

मला वाटलं, रागात बोलतेय. कसचं काय! त्यानंतर आमचं अख्खं खानदान त्या गाडीत मागे चटई टाकून बसायचं. विंचूरला लग्नाला जाताना माझी नवी नवरी शालू नेसून, पिंजऱ्याचा पाइप धरून, एसटीत उभी असल्यासारखी डोलत गेली. आत्याचे यजमान, आमचे अण्णा, शांतपणे मांडी घालून मागे बसत. पुढची सीट ते पाहुण्यांना देत. एकदा मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तरी सांगा तिला." ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे रे. माझी पाठ चूक आहे." इतकंच. ते दिवसाकाठी दोन वाक्यं बोलत, त्यातली दोन्ही त्या दिवशी माझ्यावर खर्च झाली.

दरवर्षी आत्या विचारायची आणि दरवर्षी फीत लागायची. दरवर्षी ती पहिली यायची आणि दरवर्षी बक्षीस तिथेच टेबलावर ठेवून यायची. कॅसरोल, डिनर सेट, मिक्सर. "यांना वाटतं मी गाडी चालवत स्वयंपाकघरात चाललेय," ती म्हणायची.

मग नवं शतक उजाडलं, गॉगलवाल्यांचे केस पांढरे झाले, आणि एका वर्षी खुल्या गटात गाड्याच कमी पडल्या. तेव्हा ते स्वतः आत्याकडे आले. "ताई, तुम्ही याल का खुल्या गटात? जरा संख्या भरेल."

संख्या! मी उसळलो. "आत्या, मुळीच जाऊ नकोस! इतकी वर्षं काय केलं यांनी? आता भरताड हवं म्हणून—"

"विनू," ती हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली, "मोठं वळण उघडं आहे का?"

"आहे."

"मग सरक."

गाडी तोवर म्हातारी झाली होती आणि आत्याचेही गुडघे दुखत होते. ती मोठ्या वळणाकडे गेली तशी मी डोळे मिटले. ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली तो मी पाहिलाच नाही. अण्णांनी पाहिला. मुरमाची धूळ उडाली, गाडीचं मागचं अंग सरकलं, बाभळीकडे झुकलं आणि वेळेवर सरळ झालं, असं ते नंतर सांगत. हे सांगताना त्यांची वाक्यं दोनावर थांबत नसत.

आत्या सातवी आली. फळ्यावर तिचं नाव पुरुषांच्या नावांमध्ये खडूने लिहिलं गेलं. तिच्या खालीही पाच-सहा नावं होती, हे सांगायलाच हवं. ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सातवी," ती म्हणाली. "आता कळलं मला, मी किती वेगात चालवते ते." संध्याकाळी सीट गाडीत परत गेली. हॉल एकदम मोठा वाटायला लागला.

काही वर्षांनी आत्या आजारपणात गेली. शोकसभेला गॉगलवाले आले होते. ते बोलायला उभे राहिले. "शालिनीताई म्हणजे आमच्या महिला गटाच्या कायमच्या विजेत्या. सतत पहिल्या. त्यांच्यासारखी—"

मी तावातावाने उठलो. बरंच काही सुनवायचं होतं, पण घशातून नुसता चिरका आवाज आला. लोकांना वाटलं, भाचा रडतोय. कुणीतरी पाणी दिलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून अण्णा उठले. चार माणसांसमोर आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"पहिली नाही," ते म्हणाले. "सातवी. पूर्ण रस्त्यावर."

आणि खाली बसले.