रकाना नसलेली खूण

धाकट्या भावाच्या रक्तदाबाची वही मी दहा महिने लिहिली. लांब, दोनशे पानी. पट्टीने उभ्या रेघा मारून सहा रकाने पाडले होते: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेवटी "काल घेतली का". घेतली असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. वहीत एकही खाडाखोड नाही. पूर्वी हे मी अभिमानाने सांगत असे.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. हजेरी, दाखले, पोषण आहाराचा साठा, सगळं माझ्याकडे. घरीही माझं तसंच. फ्रिजच्या दारावर याद्या, प्रवासाच्या पिशवीत यादी, लग्नाला निघताना यादी. भाऊ म्हणायचा, "आक्काला न्यायला यम आला, तर आधी त्याला यादी वाचून दाखवंल, मगच रेड्यावर बसंल."

त्याचं राहुरीत मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत विजेचा दाब कमी झाला की विहिरींवरच्या मोटारी जळायच्या आणि शेतकरी त्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणायचे. जळकी तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजत भरायची, वॉर्निश द्यायचं. वेढे मोजताना तो कुणाशी बोलत नसे. मोजण्याची सवय आमच्या घराण्यातच असावी. मोटर जोडून झाली की ती सुरू करून स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. "बेअरिंग चाललंय," म्हणायचा. उघडून पाहिलं की बेअरिंग खरोखर गेलेलं असायचं.

तो प्यायचा. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर, आणि कुणाची मोटर वेळेत दुरुस्त झाली की त्या शेतकऱ्याच्या खुशीच्या पार्टीत जरा जास्त. तरी आम्ही कुणीही त्याला दारुडा म्हणत नव्हतो. त्याचं कारण श्रावण. आषाढ संपला की तो दारूला शिवायचा नाही, ते थेट गणपती उठेपर्यंत. सलग दीड महिना. ज्याला सोडता येते तो दारुडा कसला, असा आमच्या अख्ख्या गल्लीचा निकाल होता. भावजय हे माहेरी सांगायची, मी कार्यालयात सांगायची. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरत, झोप लागत नसे, उगाच चिडचिड होई. आम्ही म्हणायचो, उपासाने अशक्तपणा आलाय.

आणि श्रावणाच्या आदल्या दिवशी, अमावास्येला, आखाड. पुढच्या दीड महिन्याची त्या एका दिवसात प्यायची. कुणाच्या तरी मळ्यात सकाळपासून चूल पेटायची. मटण, कांदे, खोबरं, काळा मसाला, बाजरीचं पीठ, सगळ्याची यादी दरवर्षी माझ्या अक्षरात असायची. बाटल्यांची ओळ तेवढी तो स्वतः खाली लिहायचा.

वही सुरू झाली दसऱ्यानंतर. दुकानात त्याला गरगरलं, टेबल धरून उभा राहिला. मेडिकलवाल्याने बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. गावातल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. रोज मोजा म्हणाले आणि दारू बंद करा म्हणाले. गोळीचं आणि मोजण्याचं मी बघितलं. मशीन आणलं, वही आखली. दारूसाठी मी सहावा रकाना पाडला. रोज लिहिली गेली की लाज वाटून कमी होईल, असा माझा हिशेब.

रोज सकाळी सातला तो दुकानात जाता जाता माझ्याकडे चहाला थांबायचा. डाव्या दंडाला मी पट्टा बांधायची.

"काल?"

"थोडी."

"थोडीचा रकाना नाही."

"मग बरोबर कर. बाई न्हाई, तलाठी हाय तू."

दुसऱ्या महिन्यात कधीतरी, आकडे आल्यावर मशीनच्या काचेवर कोपऱ्यात एक लहानशी खूण लुकलुकली. बदामाचा आकार, मधे तुटल्यासारखा.

"ह्ये काय गं?"

"सेल उतरले असतील."

सेल बदलले. चार दिवसांनी पुन्हा आली. पट्टा सैल असेल म्हणून पट्टा घट्ट केला. पार्टीच्या दुसऱ्या सकाळी ती बहुतेक वेळा यायची, हे मला आज आठवतं. तेव्हा लक्षात येणं शक्य नव्हतं, कारण ती मी कुठे लिहीतच नव्हते. तिला रकाना नव्हता. कधी कधी मशीन आकडाच द्यायचं नाही, नुसतं चुकलं म्हणून सांगायचं. मग मी त्याला गप्प बसवायची, पुन्हा मोजायची, तिसऱ्यांदा मोजायची. तीन वेळा तीन निराळे आकडे यायचे. त्यातला शहाण्यासारखा दिसणारा मी वहीत घ्यायची. मशीनबरोबर एक माहितीपत्रकही आलं होतं. ते पहिल्याच दिवशी मी पावती आणि हमीपत्राबरोबर फाइलला लावलं. वाचलं नाही.

उन्हाळ्यात एकदा माझा मिक्सर बिघडला म्हणून दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने मिक्सर उघडला, जोडला, वाजवून पाहिला. मग तोच स्क्रू ड्रायव्हर शर्टावरून स्वतःच्या छातीला टेकवला आणि मूठ माझ्याकडे केली.

"आक्का, लाव कान. मिसिंग मारतीय."

"चावटपणा पुरे. रस्त्यावरून लोक बघतायत."

"खरंच गं. दोन ठोके लगोलग पडत्यात, मग येक गाळला जातोय. मधीच नुसती फडफड हुती, पान्याबाहेर काढलेल्या माशावानी."

"मग कमी पी."

"श्रावणात बंदच हाय की."

"श्रावणाला अजून तीन महिने आहेत."

"तवर तुझी वही हाय न्हवं?"

मी मिक्सर पिशवीत घातला आणि घरी आले. माणसांपेक्षा मोटारी जास्त ऐकलेला कान त्याचा. आतलं काय बिघडलंय ते त्याला बरोबर कळलं होतं. मला वाटलं, बीपी तर एकशे चाळीसच्या आत आहे.

गेल्या वर्षीच्या आखाडाच्या सकाळी तो नेहमीसारखा आला. खूण लुकलुकली. पुन्हा मोजलं, पुन्हा लुकलुकली. आकडे बरे होते, ते लिहिले.

"आज बेताने घे," मी म्हटलं.

"आज येकच दिस. उद्यापासनं साधू."

मी मान हलवली आणि मटणाची यादी त्याच्या हातात दिली.

दिवसभर ते सगळे मळ्यात होते. दिवस मावळताना त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दोघांनी आणून सोडलं. तो मोठमोठ्याने हसत होता. भावजय मला फोनवर म्हणाली, "आक्का, सुटलो बाई. आता दीड महिना निवांत."

दुसऱ्या दिवशी सातला तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून दारात. डोळे लाल, पण चेहऱ्यावर हसू. बसला. उजव्या हातात चहाचा कप, डावा हात माझ्यापुढे.

"कालची बरोबर कर, शेवटची. उद्यापासनं फुल्याच फुल्या."

मी पट्टा बांधला आणि बटण दाबलं. पट्टा फुगत असतानाच त्याच्या हातातला कप कलला आणि सगळा चहा वहीवर सांडला.

"अरे, वही! वही भिजली ना!" मी ओरडले.

पदराने पान टिपलं, आधी पान, आणि मग वर पाहिलं. त्याच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. तो काहीतरी बोलत होता आणि ते शब्द नव्हते.

नगरला पोहोचेपर्यंत गाडीत मी त्याचा उजवा हात धरून होते. तो हात जड झाला होता, एखाद्या परक्या वस्तूसारखा. नेहमीप्रमाणे मी सगळं बरोबर घेतलं होतं: आधार कार्ड, गोळ्या, टॉवेल आणि ती ओली वही.

दवाखान्यात तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि भावजयीला बोलावलं. वयाने माझ्याहून लहान बाई होत्या. त्यांनी आलेखाची पट्टी टेबलावर पसरली आणि पेनाच्या टोकाने ठोके दाखवले. एक जवळ, एक लांब, एक पार लांब. दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीयेत, नुसते थरथरतायत. मग तिथे रक्त साचतं, त्याची गुठळी होते. तीच मेंदूत गेली.

"कशाने?" भावजयीने विचारलं.

"रक्तदाब आहेच. पण पितात किती?"

भावजय सावरून बसली. तशा अवस्थेतही तिच्या आवाजात जुना अभिमान होता. "मॅडम, तसं न्हाई हो. हे श्रावण पाळतात. दीड महिना थेंब न्हाई."

"आणि त्याच्या आधी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. आखाडाचं मी सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "रोजच्या दारूने हृदयाची लय बिघडत जाते, आणि एका दिवसात खूप प्यायली की ती तिथल्या तिथेही बिघडू शकते. मधे दीड महिना सोडली म्हणून बाकीच्या महिन्यांचं नुकसान भरून निघत नाही."

मग मी वही पुढे केली. का केली माहीत नाही. आम्ही निष्काळजी नव्हतो हे कुणाला तरी दाखवायचं होतं, एवढंच. त्यांनी पानं उलटली. "इतकं व्यवस्थित कुणी लिहीत नाही," म्हणाल्या. मग थांबून विचारलं, "मोजताना मशीनवर हृदयाची खूण यायची का? लुकलुकणारी?"

"यायची."

"ती कुठे लिहिलीय?"

"रकाना नव्हता," मी म्हटलं.

त्या मला रागावल्या नाहीत. लवकर कळलं असतं तर काय केलं असतं, ते मीच विचारलं. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली असती, म्हणाल्या. दारू पूर्ण सुटली असती तर लय कदाचित सुधारली असती, निदान हा झटका टळण्याची शक्यता होती. नक्की कुणीच सांगू शकत नाही, असंही म्हणाल्या. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून जोडलं असणार. घरी आल्यावर मी फाइल उघडली. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर त्या बदामाचं चित्र होतं. नाडी अनियमित. वारंवार दिसल्यास डॉक्टरांना दाखवा.

या सगळ्याला वर्ष झालं. भाऊ चालतो, पाय ओढत. उजवा हात पोटाशी दुमडलेला असतो. बोलायला जातो तेव्हा दोनच शब्द येतात, "हां" आणि "चल". मला आक्का म्हणता येत नाही. डोळ्यांनी म्हणतो. दुकान दुसऱ्याला दिलंय. मोटारी तिथे अजून जळून येतात, वेढे दुसरं कुणीतरी मोजतं. दारू सुटली, कायमची. ती मी सोडवली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

परवा आखाड झाला. गल्लीत वाटणाचा वास सुटला होता. त्याच्या जुन्या दोस्तांपैकी एकजण मळ्याकडे जाता जाता दारात डोकावला. "काय मालक, यंदा आमाला सोडून गेलास व्हय?" असं हसून म्हणाला आणि दुसऱ्याच क्षणी उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडला. भाऊ त्याच्या पाठीवर डावा हात फिरवत राहिला. "चल," म्हणाला. "चल, चल." यादी यंदा कुणी मागितली नाही.

आता सातला मी त्याच्याकडे जाते. वही नवी आहे. त्यात सहावा रकाना खुणेचा आहे. ती खूण आता रोजच येते. लय सुधारली नाही, औषधांनी वेग तेवढा आटोक्यात राहतो. मशीन थांबलं की तो काचेकडे वाकून बघतो, डाव्या हाताचं बोट त्या तुटक्या बदामावर ठेवतो आणि मी वहीत खूण करेपर्यंत उचलत नाही.