हौसाक्काला दिसायचा तो सिनेमा

सिनेमा बघताना हौसाक्का नायक-नायिकेकडे फारसं बघायचीच नाही. शिराळ्याला आम्ही शेजारी राहायचो. उसाची भांगलण आटोपून आली, की पदराने तोंड पुसत ती आमच्या टीव्हीपुढे बसायची आणि नको तिथे नको ते विचारायची. प्रेमाच्या सिनेमात दोघं बर्फात नाचत होती, तर म्हणाली, "पोरगी गारठली की गं. हिच्या आईला ठावं हाय का ह्ये?" भुताच्या सिनेमाला मी डोळे झाकून बसलेली आणि हिची चौकशी चाललेली, एवढ्या मोठ्या घराची झाडलोट कोण करतं म्हणून. मी वैतागायचे. पण गंमत अशी, की हळूहळू मलाही नायकाच्या मागचंच दिसायला लागलं.

लढाईच्या सिनेमाची तऱ्हा वेगळी. तिचा एकुलता एक संदीप फौजेत, कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर. फोनवर तो "बरं हाय" यापलीकडे काही सांगायचा नाही. त्यामुळे तोफा धडधडत असताना आक्का गप्प असायची आणि जवानांची राहुटी दिसली, की म्हणायची, "थांबीव गं जरा." मग पडद्याजवळ जाऊन त्यांची पांघरुणं बघायची, ताटं बघायची. पोरगा सांगत नव्हता ते ती सिनेमात शोधत होती. मला फार वाईट वाटायचं.

नागपंचमीला संदीप सुट्टीवर आला. त्याच दुपारी आमच्याकडे तिघांनी मिळून तसलाच एक सिनेमा लावला. तो सारखा हसत होता. बर्फात असं पळता येत नसतं, म्हणत होता. मग पडद्यावरचा एक जवान कण्हत बूट काढायला लागला आणि संदीपचं हसणं थांबलं. घरातही मोजे घालूनच बसला होता तो. त्याने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

आक्काने या वेळी सिनेमा थांबवायला सांगितला नाही. पडद्याकडे पाठ करून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"संदिपा, पायाला काय झालंय रं?"

काही नाही, म्हणाला. ती हलली नाही. शेवटी त्याने डावा मोजा काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती.

आक्का आता हंबरडा फोडणार, असं मला वाटलं. तिने तो पाय मांडीवर घेतला, जखमेच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "आता पयल्यापासनं सांग."