मी पाडायला लावलेलं घर

कापूस पिकवणं कुणालाच परवडेनासं झालेल्या वर्षांत मी राळेगाव तालुक्यात घरकुलांचं काम पाहायचो. जागा मोजायची, पाया, भिंती, स्लॅब असे टप्प्याटप्प्यानं फोटो काढायचे आणि पुढच्या गावाची एसटी पकडायची.

एका गावात बौद्ध मोहल्ल्याच्या टोकाला एक म्हातारं जोडपं राहायचं. दोघंही शेतमजूर. घर म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड, दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मे महिन्याच्या दुपारी मी आत टेकलो, तर पाच मिनिटांत घाम सुकला.

म्हातारा म्हणाला, "साहेब, मांगं जागा हाये. पक्कं तिकडं बांधू. हे राहू द्या."

मागची जागा पुरेशी होती. पण ती धरायची म्हणजे कागद बदलायचे, आणखी एक चक्कर. मी म्हणालो, "तसा नियम नाही. जुनं पाडावंच लागतं."

असा कुठलाही नियम नव्हता.

त्यानं वाद घातला नाही. दोन दिवसांत घर उतरवलं. कवेलू बरेचसे फुटले, तुराट्या चुलीत गेल्या. पावसाळ्याआधी त्याच जागेवर पक्क्या घराचा स्लॅब ओतला गेला. मी फोटो काढला.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी गेलो, तर म्हातारी भिंतीच्या सावलीत डोक्यावर ओला फडका घेऊन पडलेली. आत पाय ठेवला, तर स्लॅबखाली भट्टी पेटल्यासारखं तापलेलं; लगेच बाहेर आलो. म्हाताऱ्यानं सांगितलं, चार दिवसांपूर्वी ती स्वयंपाक करतानाच चक्कर येऊन पडली होती. यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं.

"बाजूला कुडाची छपरी का नाही घातली?" मी विचारलं.

"कायची घालू? कपाशीतच तुरीचे तास राहत, तुराट्या तिथूनच भेटत. आता सारे निस्तं सोयाबीन पेरून राह्यले. त्याच्या कुटाराची, भुशाची का भिंत होते? कवेलूवाला कुंभारही पुसदले गेला."

मला राहवलं नाही. त्याला जरा दूर नेऊन सांगून टाकलं, "बाबा, तो नियम मी खोटा सांगितला होता."

तो खाली पाहत म्हणाला, "मले तवाच समजलं होतं जी. पण नाही म्हटलं असतं, तर यादीतून नाव कटलं असतं."

तो मला घाबरला होता, हे वर्षभर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तो घाईनं म्हणाला, "तिले नका सांगू. नियमच हाये असं समजून गप झाली थे. नाही तं मले जिंदगीभर बोलंन."

तेवढ्यात म्हातारी उठली. मी नको नको म्हणत असताना आत गेली, त्या भट्टीत चहा ठेवला आणि पदरानं मान पुसत कप घेऊन आली.

"घ्या साहेब. तुमच्यामुळं पक्कं घर झालं."

मी तो चहा प्यालो.