मध्यंतरानंतरची शांतता

हे मी आमच्या हिलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि तिला तर डब्यात किती भाजी उरली त्याचाही हिशेब द्यावा लागतो! पण तुम्ही पडलात अनोळखी — तुमच्याशी बोलायला सोपं जातं.

तर, मी वाचणारा माणूस. म्हणजे, तशी ख्याती आहे. राहतो क्रांती चौकाजवळ, नोकरी चितेगावच्या कंपनीत. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये वाचायचं आणि त्यावर सोशल मीडियावर लिहायचं, हा माझा छंद. नवी कादंबरी, नवं नाटक, कुणाचा ब्लॉग — काहीही चालतं. लोक म्हणतात, तुम्ही चांगलं म्हणलात की आम्ही पुस्तक घेतो. आता खरं सांगू? पुस्तकाची सुरुवात मी लई मनापासून वाचतो. मग एकदम शेवटची दोन पानं. मधल्या पानांना आपला लांबूनच रामराम. ऑनलाइन लेखांचं तर विचारूच नका — दोन परिच्छेद वाचले की खाली ‘शेवट हलवून गेला’ असं लिहून मोकळा. कोणता शेवट, असं आजवर एकाही लेखकानं विचारलं नाही. उलट लाल बदामाची इमोजी पाठवतात.

यात कुणाचं काय बिघडतं? — असं मनाला समजावत होतो. मग सुलभावहिनींचं नाटक आलं.

सुलभावहिनी समोरच्या दारातल्या. पन्नाशी उलटली, मुलं पुण्याला गेली, आणि बाईंनी थेट हौशी नाट्यस्पर्धेत काम धरलं. जन्मात पहिल्यांदा स्टेज! एन्ट्री दुसऱ्या अंकात. पण तालमी एवढ्या, की कुकरच्या शिट्टीच्या वर त्यांचे संवाद आमच्या घरात ऐकू यायचे. पास स्वतः आणून दिला, वर बजावलं की भाऊजी, तुम्ही लिहायचंच.

गेलो ना. पहिल्या अंकभर एक माणूस खुर्चीत बसून समाजाला जाब विचारत होता. समाज म्हणजे आम्ही — निम्मं रिकामं सभागृह, आणि बसलेले बहुतेक कलाकारांचे नातेवाईक. मध्यंतरात चहाला म्हणून बाहेर पडलो आणि पाय शेजारच्या नान खलियाच्या हॉटेलाकडं वळले. पाच मिनिटांत परत येणार होतो, आईशप्पथ! पण तो मटणाचा रस्सा, तो गरम नान… तुम्हीच सांगा, तुमच्यानं तरी उठवलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये लिहायला बसलो. काय लिहिणार? कोणत्याही नाटकाला चालेल ते लिहिलं — ‘दुसरा अंक सुलभाताईंचा. शब्दांपेक्षा त्यांची शांतता जास्त बोलते.’ शांतता काय, कुठल्याही नाटकात सापडते. या शब्दानं मला कधी दगा दिला नव्हता.

संध्याकाळी वहिनी दारात. हातात धपाट्यांचा डबा, डोळे भरलेले. मेलो, म्हणलं, पकडलो गेलो.

“भाऊजी, मला वाक्यच आठवंना हो,” त्या म्हणाल्या. “नुसती उभी राहिले. विंगेतून सांगत होते, कानात काय शिरंना. घरी येऊन ह्यांना म्हणलं, बस झालं, आता स्टेजचं नाव नाय घेणार. आन् सकाळी तुमचं वाचलं. तुम्हाला ती शांतता दिसली!”

दिसली? मी तेव्हा दुसऱ्या नानवर होतो. खरं बोलायचं ते तोंडापर्यंत आलं — आणि मी म्हणालो, “व्हय वहिनी. अंगावर काटा आला.” वर धपाटंही खाल्लं. त्यांचं मन राखलं, असा आव मी आणणार नाही. मला माझी ख्याती राखायची होती. भित्रा माणूस, दुसरं काय?

आणि वहिनींचं बघा — थांबल्याच नाहीत! मागच्या महिन्यात तर नव्या नाटकात मोठी भूमिका. माझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलेली. मध्यंतरात खलियाची आठवण आली, खोटं कशाला बोलू, पण हललो नाही. दुसऱ्या अंकात एका जागी वहिनी बोलता बोलता थांबल्या. मुद्दाम. नुसत्या उभ्या राहिल्या. अहो, काय बाई ती! सगळं सभागृह गप्प, आणि मी नाक पुसतोय, रुमाल सापडत नाही. इतका आनंद मला कुठल्या पुस्तकानं दिला नव्हता. कुठून देणार म्हणा — मध्येच सोडत आलो की सगळी.

पडदा पडल्यावर त्या मेकअपसकट धावत आल्या. “भाऊजी, त्या दिवसासारखी जमली का?”

भोवती सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “त्यापेक्षा भारी.”

भारी होतीच. पण त्यापेक्षा म्हणजे कशापेक्षा? त्या दिवशी वहिनी तिथं एकट्या उभ्या होत्या. आपल्याला निदान एका माणसानं तरी बघितलं, असं त्या आजही सगळ्यांना सांगतात. त्याची खुर्ची रिकामी होती.