क्लिफ बर्केटची खिडकी

आमच्या केल्डबेकात क्लिफ बर्केटला कुणी मोठा माणूस मानत नाही. तशी त्याची फार इच्छा आहे, पण गावाचा नाइलाज आहे. ज्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप अख्ख्या उत्तरेच्या देखत एका मेंढ्याने चघळला, त्याला मोठा म्हणायचं तरी कसं? पण सकाळी सहाला त्याचा आवाज कानावर पडला नाही, तर आमच्या किटल्यांना उकळी फुटत नाही, हेही तितकंच खरं.

त्याची सुरुवात झाली गावच्या लहानशा इस्पितळात. क्लिफ तेव्हा एकोणीस वर्षांचा, दिवसा खाणीच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी इस्पितळाच्या चादरी ठेवायच्या खोलीत बसून तो रोग्यांसाठी गाणी लावायचा आणि मध्ये मध्ये बोलायचा. रोगी फार खूश असतात, असं तो घरी सांगायचा. त्यांच्या उशाशी असलेल्या रेडिओचं बटण मोडलेलं होतं आणि तो बंद करता येत नव्हता, हे त्याला पुढे वर्षभराने कळलं. तोवर तो जिल्ह्याच्या रेडिओत लागला होता.

तिथे आठ वर्षं काढली आणि मग टेलिव्हिजनवाल्यांनी बोलावलं, संध्याकाळच्या बातम्यांना. क्लिफने निळा सूट शिवला. साहेब म्हणाले, तोंडातली माती धुऊन ये. त्याने धुतली. मग म्हणाले, दिव्याखाली टक्कल फार चमकतं. त्याने टोप घेतला. सहा वर्षं तो दक्षिणेतल्या लंडनवाल्यासारखा बोलला आणि तरण्या माणसासारखा दिसला. रस्त्यात भेटला की आईलासुद्धा "शुभ संध्याकाळ" म्हणायचा. आई म्हणायची, "दूध आणलंस का?"

मग शरद ऋतूतला मेंढ्यांचा बाजार आला. बक्षीस पटकावलेला मेंढा आयझॅक फॉसेटचा, नाव ड्यूक. क्लिफ त्याच्याशेजारी वाकला, कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "या देखण्या प्राण्याचा स्वभावही तितकाच शांत आहे," आणि ड्यूकने टोप ओढून घेतला. मेंढ्याने तो किती सावकाश, किती चवीने चघळला, ते अजूनही नाताळात जुन्या गमतीजमती दाखवताना दाखवतात. त्या वर्षी त्याचं टेलिव्हिजन संपलं. "दिव्यांचा डोळ्यांना त्रास व्हायला लागला होता," असं क्लिफ आजही सांगतो. आम्ही मान डोलावतो.

तो परत रेडिओत आला, तर आता नव्या साहेबांना गावरान बोली हवी होती. क्लिफच्या तोंडात ती उरलीच नव्हती. मर्टलने, म्हणजे त्याच्या बायकोने, पंधरा दिवस स्वयंपाकघरात त्याची शिकवणी घेतली.

"म्हण, 'न्हाय जमायचं.'"

"नाही जमायचं."

"अरे, बँकेच्या मॅनेजरासारखा काय बोलतोस? नाकातनं म्हण. न्हाय."

शिकला बापडा. आणि त्यानंतरची चौतीस वर्षं सकाळी सहा ते नऊ आमच्या खोऱ्यावर त्याचंच राज्य. हरवलेली कुत्री, बर्फात बंद पडलेल्या शाळा, चर्चमधली केकविक्री, कुणाचा साठावा वाढदिवस, सगळं त्याच्याच तोंडून. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी कोंबडी.

कोंबडी म्हणजे गावामागचा डोंगर. नकाशावर त्याचं नाव वेगळं आहे, ते नकाशावाल्यांना लखलाभ. त्याच्या माथ्यावर ढग टेकला की कोंबडी खुडूक बसली; मग दुपारपर्यंत पाऊस ठरलेला. माथा उघडा पडला की कोंबडी उठली. कपडे वाळत घाला, मेंढरं वर काढा. हवामान खात्याला यातलं काही कळत नाही. क्लिफ आठ-दहाला म्हणायचा, "थांबा हं, जरा खिडकीतनं बघतो," मग खुर्ची करकरायची आणि तो सांगायचा, "बसलीय बरं का. छत्री घ्या." आमचा स्टुडिओ बाजारपेठेत लोकरीच्या जुन्या वखारीवर होता. खिडकी मोठी होती आणि कोंबडी समोर होती.

अकरा वर्षांपूर्वी स्टुडिओ हलला. पन्नास मैलांवर, शहराबाहेर, टायरच्या गुदामाशेजारी. नव्या खोलीला खिडकी नाही. समोर भिंत, भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं. पहिल्याच दिवशी, मंगळवारी, आठ-दहा झाले आणि क्लिफच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थांबा हं, जरा खिडकीतनं बघतो." मग त्याच्या लक्षात आलं. त्याने एक लांबलचक गाणं लावलं आणि घरी फोन केला.

"मर्टल, मागच्या अंगणात जा. कोंबडी काय करतेय?"

"बसलीय. का रे?"

"काही नाही. ठेव."

गाणं संपलं, खुर्ची करकरली, क्लिफ म्हणाला, "बसलीय बरं का." आणि तेच पुढे अकरा वर्षं चाललं. उद्या सांगून टाकू, उद्या सांगू, असं म्हणत राहिला. एखाद्याचं नाव पहिल्या भेटीत विसरलं आणि विचारायचं राहिलं, की मग दहा वर्षांनी विचारता येत नाही, तसं झालं.

आता एक गोष्ट क्लिफला ठाऊक नव्हती. मर्टलच्या अंगणात आणि बसथांब्यात कमरेएवढ्या दगडी भिंतीचं अंतर आहे. आठ-पंधराच्या बसला रोज वीस-पंचवीस माणसं उभी असतात. आठ-दहाला मर्टल हिरवा जाड गाऊन घालून, एका हातात चहा आणि कानाला फोन लावून बाहेर येते, डोंगराकडे बघते, काहीतरी बोलते, आत जाते. आणि मग बसमधल्या रेडिओवर क्लिफची खुर्ची करकरते. हे कळायला कुणाला हेर व्हावं लागत नाही. बेकरीवाली बेरिल हॉगार्थ तर थांब्यावरून मर्टलला सांगायची, "अगं, डावीकडं जरा उघडलंय बघ, उठतेय म्हणून सांग."

क्लिफला हे कुणी सांगितलं नाही. एकदा बेरिलच्या जिभेवर आलं होतं, पण आयझॅकने तिला अडवलं. म्हणाला, "त्याचा टोप माझ्या मेंढ्यानं खाल्लाय. आता खिडकी आपण खायची न्हाय."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना या फेब्रुवारीत फिलिपाबाईंचा फोन आला. त्या पाच रेडिओ केंद्रांच्या साहेब, बसतात लंडनला, आमच्याकडे कधी फिरकलेल्या नाहीत.

"क्लिफ, आनंदाची बातमी. सोमवारपासून तुमच्या स्टुडिओत कॅमेरे. लोक फोनवर तुम्हाला बघू शकतील."

"मला कशाला बघायचंय त्यांना? बघून झालंय त्यांचं."

"आणि तुमची ती प्रसिद्ध खिडकी! एक कॅमेरा खास तिच्यासाठी ठेवायला सांगितलाय. आठ-दहाला तुम्ही उठून बाहेर बघताय, असं दृश्य. किती गोड."

क्लिफ म्हणाला, "हो, गोड." मग गाडीत येऊन बसला आणि किल्ली फिरवायला त्याला अर्धा तास लागला.

त्या दिवशी जेवणात सॉसेज होतं, त्याच्या आवडीचं. त्याने शिवलं नाही.

"गार होतंय," मर्टल म्हणाली.

"सोमवारी कॅमेरे लागतायत."

"मग दाढी नीट कर."

"मर्टल, खिडकी नाहीये."

तिने काटा खाली ठेवला. गावाला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक होतं. तेव्हाच सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं होतं, असं ती पुढे बेरिलला म्हणाली. पण अकरा वर्षं सगळे आपल्याला सांभाळून घेत होते हे ऐकून हा माणूस आणखीनच मोडेल, अशी तिला भीती वाटली. म्हणून ती एवढंच म्हणाली, "कोंबडी तर खरीच सांगितलीस ना? मी कधी चुकीचं सांगितलं?"

"कोंबडी खरी, पण खिडकी खोटी. मी बघतो म्हणालो आणि मी बघत नव्हतो." मग म्हणाला, "पुराच्या साली आठवतं? नदीकाठच्या लोकांनी पोलिसांचं ऐकलं नाही. दारं लावून बसले होते. मी म्हणालो, क्लिफ सांगतोय, उठा आणि वर शाळेत जा. आणि गेले ते. का गेले? तर क्लिफ खोटं बोलत नाही म्हणून. उद्या परत पाणी आलं, तर कुणाच्या शब्दावर उठतील?"

मर्टलने त्याचं ताट झाकून ठेवलं.

रविवारी क्लिफने शेडमधून जुन्या खिडकीची चौकट काढली, रंगवली आणि तिच्यात कॅलेंडरवरचा कोंबडीचा फोटो डकवला. फोटो जुलैतला, लख्ख उन्हातला. बाहेर गारा पडत होत्या. मर्टलने चौकटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"छान झालीय. पण ही कोंबडी जन्मभर उठलेलीच राहणार का?"

त्याने चौकट परत शेडमध्ये नेऊन ठेवली.

सोमवारी साडेचारला तो निघाला. सहाला कार्यक्रम सुरू झाला. फोनच्या पडद्यावर क्लिफ दिसत होता, केसाविना, टाय लावून, एखाद्या मयतीला आल्यासारखा. हरवलेली दोन कुत्री आणि एक कासव त्याने सांगितलं. आठ वाजता बातम्या झाल्या. मग आठ-दहा झाले. कॅमेऱ्यांची बातमी गावभर झाली होती, म्हणून त्या दिवशी थांब्यावर चाळीस माणसं होती. पंधरा तर अशी, की ज्यांना बसने कुठेच जायचं नव्हतं. बेरिलच्या हातातल्या फोनवर सगळ्यांच्या माना वाकलेल्या. भिंतीपलीकडे मर्टल नेहमीसारखी गाऊन घालून, फोन हातात धरून उभी.

क्लिफने गाणं लावलं नाही.

"मंडळी," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. इथे खिडकी नाहीये." त्याने कॅमेरा स्वतःच्या हाताने भिंतीकडे वळवला. लाल नळकांडं दिसलं. "अकरा वर्षं नाहीये. मी बघतो म्हणायचो आणि घरी फोन करून मर्टलला विचारायचो. खुर्ची मुद्दाम करकरवायचो. तेल घालू देत नव्हतो तिला. मी तुमच्याशी खोटं बोललो. पुराच्या साली खोटं बोललो नव्हतो, एवढं मात्र खरं माना. बाकी तुमच्यावर आहे."

आणि गप्प झाला. रेडिओवर एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. थांब्यावर कुणी कुणाकडे बघेना. मग स्टुडिओतला फोन वाजला.

"क्लिफ, आयझॅक बोलतोय."

"बोल."

"झालं तुझं?"

"झालं."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातं व्हय रं? आम्हाला पहिल्या मंगळवारपास्नं ठावं हाय. मर्टल बसथांब्यासमोर उभी ऱ्हाती, गाऊन घालून. हिरवा हाय. सगळ्या खोऱ्याला रंगसुदीक ठावं हाय."

क्लिफचं तोंड उघडंच राहिलं. कॅमेऱ्यात ते नीट दिसलं.

"सगळ्यांना?"

"पाद्रीबाबांनाबी. ते जाऊ दे. माझी मेंढरं फाटकाशी उभी हायत. वर काढू का नको ते सांग."

क्लिफ कागद चाळायला लागला, जणू कोंबडी त्यात कुठे लिहून ठेवली होती. तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

"मी बेरिल. अरे बाबा, ती बाई पाच मिनिटं झाली गारठ्यात उभी आहे तुझ्या फोनची वाट बघत. तुझी कबुली झाली असेल तर तिला फोन कर की."

आणि क्लिफने, उभ्या जन्मात पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत घरचा नंबर फिरवला. भिंतीपलीकडे घंटा वाजली, ती आम्हाला दोन्हीकडून ऐकू आली.

"किती वेळ लावलास?" मर्टलचा आवाज खोऱ्यात घुमला. "चहाचं पार पाणी झालं."

"मर्टल, तू रेडिओवर आहेस."

"मग? तू रोज असतोस, मी काही बोलते का?"

"कोंबडी काय करतेय?" क्लिफचा आवाज जरासा कापला. तो म्हणतो घसा बसला होता.

तिने वर बघितलं. थांब्यावरच्या चाळीस जणांनीही बघितलं.

"बसलीय," मर्टल म्हणाली. "पण शेपटीकडनं उठायला लागलीय. आयझॅकला म्हणावं, दहापर्यंत थांब."

आयझॅक दहापर्यंत थांबला. साडेदहाला माथा उघडा पडला. त्या दिवशीची बस चार मिनिटं उशिरा सुटली, ड्रायव्हरच ऐकत उभा होता.

घरी आल्यावर क्लिफ दोन दिवस रुसून होता. खोटं पकडलं गेलं याचा राग नव्हता. आधीच पकडलं गेलं होतं आणि कुणी कळवलं नाही, याचा होता. "अकरा वर्षं मी खुर्ची करकरवली," तो मर्टलला म्हणाला, "आणि तुम्ही सगळे हसत होता."

"हसत नव्हतो. ऐकत होतो."

त्याच आठवड्यात नदीकाठच्या तीन घरांतून आल्याचे केक आले. चिठ्ठी एकाच केकवर होती: पाणी आलं तर सांग, उठू. तो केक त्याने कुणाला दिला नाही.

फिलिपाबाईंनी कार्यक्रम आणखी दोन वर्षं चालवायचं ठरवलं, एका अटीवर: आठ-दहाला मर्टल हवीच. क्लिफ आता लोकांना सांगतो, की ती कल्पना त्याचीच. आम्ही मान डोलावतो. यंदा वसंतातल्या जत्रेची फीत कापायला, जी अडतीस वर्षं क्लिफ कापत आला, मर्टलला बोलावलं. क्लिफ तिची पर्स धरून मागे उभा होता. आयझॅकच्या नव्या मेंढ्यापासून मात्र चांगला दहा हात लांब.

रविवारी कार्यक्रम नसतो. त्या दिवशी क्लिफ उशिरा उठतो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेऊन उभा राहतो आणि आठ-दहा झाले की डोंगराकडे बघून म्हणतो, "उठलीय."

मर्टल हिरवा गाऊन सावरत मागचं दार उघडते.

"थांब," म्हणते, "मी बघून येते."