लाल साडीतलं पक्षीनिरीक्षण

काल बॅग उघडली, तर सासूबाईंच्या लाल साडीला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि २००५च्या उन्हाळ्यातली ती सकाळ आठवली. अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नहून ड्राइव्ह करून आम्ही दोघी डोंगरातल्या नॅशनल पार्कमध्ये ग्रुपबरोबर पक्षी बघायला गेलो होतो. मळकट रंगाचेच कपडे घाला, असं लीडरने बजावलं होतं. सासूबाई मात्र लाल साडी, स्नीकर्स आणि रुपयाएवढं कुंकू अशा थाटात गाडीतून उतरल्या. मी कुजबुजले, "आई, निदान माझं जॅकेट तरी घाला, पक्षी उडून जातील." त्या म्हणाल्या, "काही उडत नाहीत. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात मी याच साडीत धनेश बघितलाय." लीडरने आम्हाला सगळ्यांच्या मागे उभं केलं. ओल्या पाचोळ्याचा वास दरवळत होता, ओकच्या पानांवरून दव टपटपत होतं, पण तासभर कुणालाच काही दिसेना. मग भुंग्यासारखी घूंघूं ऐकू आली, आणि अंगठ्याएवढा हिरवा हमिंगबर्ड, लाल फूल समजून, थेट सासूबाईंच्या कुंकवासमोर येऊन हवेत थांबला. त्यांनी पापणीही हलवली नाही. तो गेल्यावर लीडरकडे वळून म्हणाल्या, "नाऊ यू स्टँड बिहाइंड मी." आता तो वॉक मी लीड करते. सगळ्यांना खाकी घालायला सांगते, आणि स्वतः मोठी लाल टिकली लावून पुढे उभी राहते.