चार बोटांच्या शेणी

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की, असल्या गोष्टींवर आपला कधी विश्वास नव्हता. माझाही नव्हता. बातमी दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापायची नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. पण या प्रकरणात पहिली न पडताळलेली गोष्ट मीच छापली. म्हणून आधी माझं खोटं सांगतो, बाकीचं नंतर.

१९९८ चा मे संपत आला होता. मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. पाऊस तोंडावर आला की एक लेख दरवर्षी ठरलेला असे — राधानगरी रस्त्याने धरणापर्यंत जायचं आणि दुतर्फा काय दिसतं ते लिहायचं. त्या मंगळवारी सकाळी आठला ऑफिसची जीप निघाली. चालवायला महादूमामा, वय पन्नाशीचं, तोंड फटकळ.

निम्मा रस्ता मी खरोखर पाहिला. भाताची धूळवाफ पेरणी सुरू होती. कोरड्या मातीत बी पेरून पावसाची वाट बघायची, अशी इकडची रीत. बैलांमागे धूळ उठत होती, पेरणारी माणसं कमरेपर्यंतच दिसत होती. घरांच्या छपरांवर बसून लोक कौलं चाळत होते. रस्त्याकडेला बायका पळसाच्या पानांतून करवंदं विकत होत्या. वहीत साडेतीन पानं झाली.

निम्म्या वाटेवर मामांची सासुरवाडी लागली. तिथे त्या दिवशी म्हाई होती — म्हणजे गावजत्रा, वाटसरूलाही ओढून जेवायला बसवतात.

“धा मिन्टं,” मामा म्हणाले. “म्हाईच्या गावातनं पावणा उपाशी गेला, तर सासरा मला माझ्याच जीपखाली घालील.”

मटण-भात झाला. आंब्याखाली घोंगडं टाकून मिळालं. उठलो तेव्हा पाच वाजले होते. साडेसातला मजकूर द्यायचा होता, म्हणून तिथूनच परत फिरलो.

उरलेला रस्ता टेबलावर लिहिला. मागच्या वर्षांच्या आठवणी होत्या, त्यांत दोन गोष्टी पदरच्या घातल्या. एक, दारात बांधलेला बैल, त्याचं एकच शिंग हिंगुळाने रंगवलेलं. दुसरी, रस्त्याकडेच्या जांभळीखाली शेणींची हुडवी रचणारी म्हातारी. हुडवी म्हणजे पावसाळ्याच्या जळणासाठी रचलेला शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा ढीग, वरून गवताने शाकारलेला. म्हातारी खरी वाटावी म्हणून मी तिच्या उजव्या हाताची करंगळी काढून टाकली. लिहिलं, ‘तिच्या प्रत्येक शेणीवर चारच बोटं उठली होती.’ आणि तिच्या तोंडी एक वाक्य घातलं: ‘ही हुडवी लेकीची. ती यील, मग नील.’

संपादकांना ते वाक्य आवडलं. त्यांनी ते चौकटीत घेतलं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी चाळिशीतली एक बाई कात्रण घेऊन ऑफिसात आली. नाव सुशीला, राहणार इचलकरंजी.

“ही माझी आई,” ती म्हणाली. “कडबाकुट्टीत करंगळी गेली तिची, मी ल्हान होते तवा.”

तिने मनाविरुद्ध लग्न केलं होतं. सहा वर्षं आई तिच्याशी बोलली नव्हती. आणि ज्या मंगळवारचा माझा लेख, त्याच मंगळवारी संध्याकाळी आई गेली होती.

“दत्तू, माझा भाऊ, म्हंतो की शिमग्याला आईच्या अंगावरनं वारं गेलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पार शेवटपातूर खाटंवरच. आन् तुमी तर लिवलंय, उभी हुती, बोलली.” तिने कात्रणावर बोट ठेवलं. “दादा, तोंडानं बोलली न्हवं? ‘लेकीची’ म्हणाली?”

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला चार सहकारी बसले होते. संपादकांच्या केबिनचं दार उघडं होतं.

“हो,” मी म्हणालो.

“उद्या बारावं हाय. गावाकडंच निघालेय, त्याच रस्त्याला हाय. ती जागा दावा मला.”

अशा रीतीने मी तो रस्ता अकरा दिवस उशिरा पाहिला. महादूमामांना मी काही सांगितलं नव्हतं, पण लेख त्यांनी वाचला होता. म्हाईचं गाव मागे पडलं. पेरलेल्या वावरांत अजून एक कोंब नव्हता. दोन गावं पुढे, उजव्या हाताला, एका दारात बैल बांधलेला होता. एक शिंग लालभडक, दुसरं कोरं. मामांनी जीप हळू केली, बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुशीला मागे बसली होती. तिला त्या बैलात बघण्यासारखं काही नव्हतं.

तिच्या गावाच्या अलीकडे एक वळण आहे. कुठेतरी बोट दाखवून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. दाखवायची गरज पडली नाही. वळणावर जांभूळ होती, तिच्याखाली निम्मी शाकारलेली हुडवी.

सुशीला उतरून धावली. मी मागून गेलो. शेणींवर चार बोटं होती. हे मी एक-दोन शेणी पाहून लिहीत नाही. हाताला लागतील तेवढ्या, वीसेक, काढून पाहिल्या. करंगळीची जागा प्रत्येकीवर कोरी. हुडवीच्या बाजूला जमिनीवर नऊ शेणी वाळत घातल्या होत्या. त्यांवरही चारच. मी एकीवर अंगठा दाबला, तो आत गेला. पाऊस अजून पडला नव्हता, आणि तसल्या उन्हात शेण चार दिवसांत खडखडीत होतं. म्हातारीला जाऊन अकरा दिवस झाले होते.

तेवढ्यात दत्तू आला. डोक्याचे केस काढलेले, अंगाने किरकोळ. त्याने हुडवी पाहिली, मग बहिणीकडे.

“ही कवा रचली?” त्याने विचारलं.

“मला काय इचारतोस?” सुशीला म्हणाली. “तूच म्हणालास खाटंवर हुती. ह्यास्नी इचार. पेपरवालं हाईत, त्यास्नी खोटं बोलून काय मिळणार?”

दत्तू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “सायेब, तुमी बघितली? डोळ्यानं?”

बहिणीसमोर खोटा ठरू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मी मान हलवली. होकाराची.

तो भांडला नाही. “अडीच म्हैनं मी भरवत हुतो,” तो म्हणाला. “रोज म्हनायचो, आई, एक शबुद बोल. न्हाय बोलली. वाटलं, वाचा गेली… पर तुमच्यासंगं बोलली.” मग हुडवीतली एक शेणी हातात घेऊन खालीच बसला.

परतताना मामांनी एकच वाक्य उच्चारलं. “सायेब, आपुन म्हाईला हुतो.”

नंतर मी बरीच चौकशी केली. त्या गावात चार बोटांची दुसरी बाई नाही. हुडवी कोणी रचली, हे शेजारणींनाही माहीत नव्हतं. प्रत्येकीला ती दुसरीची वाटली होती. म्हातारीला पूर्वी कधी ओझरती पाहून मी विसरलो असेन, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. त्याने करंगळीचं कोडं सुटतं. ओल्या शेणींचं सुटत नाही, बैलाचंही सुटत नाही. मला आजही उत्तर माहीत नाही, आणि कोणी दिलं तर मी ते पडताळून घेईन.

पण ज्याचं उत्तर मला माहीत होतं, ते सांगायला मी २००६ मध्ये तिकडे गेलो. मुद्दाम, एकटा. दत्तूने ओळखलं. चहा आला. सुशीला येते-जाते का, विचारलं. “येती की. तवाच समदी हुडवी टेंपोत घालून नेली,” तो म्हणाला. मी बोलायला तोंड उघडणार, तोच त्याने खुर्ची जवळ ओढली.

“सायेब, लई दिस इचारायचं हुतं. आवाज कसा हुता तिचा? अडकत हुती, का सपष्ट?”

“स्पष्ट,” मी म्हणालो.

त्याने आत बायकोला हाक मारली. “ऐकलंस? सपष्ट बोलत हुती म्हनं.”

निघताना त्याने परसातला एक फणस गाडीत आणून ठेवला. मी तो घेतला.